लेहऱ्यासाठी कर्नल

भाचीच्या तबल्याला मी लेहरा धरते, म्हणजे तालाचं आवर्तन दाखवणारी धून पेटीवर वाजवत राहते. त्यासाठी मी लॅपटॉपचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, घरी बांधलं; त्याची ही गोष्ट. सहकारनगरमधली आमची खोली दहा बाय बाराची. तिथे पेटी आणि तबला एकदम वाजले की तबल्याच्या माइकमध्ये पेटी शिरते आणि त्या रेकॉर्डिंगचं पुढे काही करता येत नाही. म्हणून खरी पेटी कपाटावर गेली आणि तिच्या जागी छोटा मिडी कीबोर्ड आला. बोटं माझी, आवाज लॅपटॉपचा, आणि ऐकायचं दोघींनी हेडफोनवर. तिचा तबला आज काळी एकला आणि उद्या काळी चारला लागला असला तरी मला एक बटण दाबलं की झालं.

सोय छान, पण एक अडचण होती. सॉफ्टवेअर आवाज बनवतं ते तुकड्यातुकड्यांनी. सेकंदाला 48,000 नमुने. एकेका तुकड्यात 1024 नमुने घ्यायचे ठरवले तर एका तुकड्यालाच 21 मिलिसेकंद लागतात. ध्वनी हवेत एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे पेटी सात मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखंच ते. विलंबितात चालून जातं. पण द्रुत तीनताल घ्या, मिनिटाला 300 मात्रांचा. मात्रा 200 मिलिसेकंदांची झाली. त्यात मात्रेला चार बोलांचा रेला सुरू झाला की एकेका बोलाच्या वाट्याला 50 मिलिसेकंद येतात, आणि माझा लेहरा त्यातले 21 खाऊन बसतो. भाची म्हणायची, "मावशी, तू मागे पडतेयस." मी मागे पडत नव्हते, लॅपटॉप पडत होता; पण हे तिला वाजवता वाजवता कोण सांगणार!

तुकडा लहान करायचा. 128 नमुने घेतले की 2.7 मिलिसेकंद. बोटांना लगेच फरक कळतो, पट्टी दाबल्यावर सूर हातात येतो. पण मग मध्येच 'टक्' असा आवाज यायला लागला. कधी दोन आवर्तनं स्वच्छ, कधी नेमका समेवर. या प्रकाराला एक्सरन म्हणतात: पुढचा तुकडा द्यायला संगणकाकडे 2.7 मिलिसेकंद होते आणि तेवढ्या वेळात तो पोचलाच नाही. प्रोसेसर रिकामाच होता, पाच-दहा टक्क्यांवर. काम जास्त नव्हतं, वेळेवर होत नव्हतं.

आमच्या ऑफिसात एक एम्बेडेडवाला मुलगा आहे. आधी भोसरीत मशीनचे कंट्रोलर बनवणाऱ्या ठिकाणी होता. जेवताना त्याला हे सांगितलं तर त्याचे डोळेच चमकले. म्हणाला, "ताई, हा तर आमच्या सर्व्हो मोटरचाच प्रॉब्लेम आहे. पण एकदम कर्नलच्या मागे लागू नका. आधी मोजा."

मोजायचं हत्यार म्हणजे सायक्लिकटेस्ट, आरटी-टेस्ट्स नावाच्या पॅकेजात मिळतं. ते करतं इतकंच की 'मला अमुक मायक्रोसेकंदांनी उठव' असं कर्नलला सांगून झोपतं आणि उठल्यावर किती उशीर झाला ते लिहून ठेवतं. हेच लाखो वेळा. शेवटी तीन आकडे देतं: किमान, सरासरी, कमाल. नुसतं चालवून उपयोग नाही, बाजूला मशीनला दुसरं भरपूर काम लावून चालवायचं. रिकाम्या रस्त्यावर कुणीही वेळेवर पोचतं.

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट 22, म्हणजे उबुंटू 24.04 चा पाया, कर्नल 6.8. सरासरी आली काही मायक्रोसेकंद, बघून बरं वाटलं. कमाल मात्र दोन-तीन मिलिसेकंद. 'टक्' तिथेच होतं. लाखातला तो एक उशीर 128 नमुन्यांचा सगळा वेळ एकटा गिळतो. तबल्यात कुणी 'सरासरीनं समेवर येतो' असं म्हणून चालेल का?

कर्नल कंपाइल न करता, म्हणजे त्याच्या सोर्सपासून स्वतः न बांधता, करण्यासारखं आधी केलं, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण बहुतेकांचं काम इथेच भागेल. प्रोसेसरचा गव्हर्नर, म्हणजे त्याचा वेग ठरवणारा भाग, 'परफॉर्मन्स'वर ठेवला. माझा यूजर 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घातला आणि त्या ग्रुपला रिअल-टाइम प्राधान्य आणि मेमरी लॉक करण्याची परवानगी दिली. अशी परवानगी कुठूनच नसेल तर जगातलं कुठलंही कर्नल आणलं तरी ऑडिओच्या प्रोग्रामला रांगेत सगळ्यांसारखंच उभं राहावं लागतं. मग ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल उचलणाऱ्या प्रोग्रामात, कर्नलच्या ओळीला दोन शब्द जोडले: 'प्रीएम्प्ट इज इक्वल टू फुल' आणि 'थ्रेडआयआरक्यूज'. पहिल्यानं कर्नल स्वतःचं काम करत असतानाही त्याला बाजूला सारता येतं. दुसऱ्यानं इंटरप्टची, म्हणजे उपकरणांनी 'माझ्याकडे बघ' म्हणून मारलेल्या हाकांची, कामं वेगवेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे रांगेत लावता येतील अशा सुट्या कामांत, जातात. रीस्टार्ट करून मोजलं. कमाल आकडा निम्म्याहून खाली आला, टक्-टक् विरळ झालं. विरळ झालं, गेलं नाही. 256 नमुन्यांवर ते जवळजवळ नाहीसं व्हायचं, 128 वर दहा मिनिटांच्या रियाजात एखादं यायचंच.

आता पूर्ण रिअल-टाइम कर्नलचा विचार सुरू झाला. प्रीएम्प्ट-आरटी नावाचं हे काम 2004 च्या सुमाराला सुरू झालं आणि वीस वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर, वेगळ्या पॅचच्या, म्हणजे सोर्सवर चढवायच्या बदलांच्या, रूपात जगलं. आधी पॅच लावा, मग कंपाइल करा, असा तो उद्योग होता. अधूनमधून त्यातले तुकडे मुख्य कर्नलमध्ये गेले: हाय-रेझोल्यूशन टायमर, एफट्रेस, इंटरप्टचे थ्रेड. सगळ्यात शेवटी अडून बसलं होतं प्रिंटके, म्हणजे कर्नल आपले संदेश जिथून छापतो तो भाग. इतक्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीवर वर्षं गेली, कारण मशीन कोसळतानाही संदेश छापता आला पाहिजे आणि छापताना दुसऱ्या कुणाला थांबवताही कामा नये. सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत हे काम पुढे नेणारे थॉमस ग्लाइक्सनर यांनी शेवटची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हे बदल आत घ्या' अशी विनंती, कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातात दिली. 17 नोव्हेंबर 2024 ला आलेल्या 6.12 मध्ये ते सगळं आत आलं. आता पॅच नको, एक पर्याय निवडायचा आणि कंपाइल करायचं.

डेबियन लिनक्सवर असाल तर रिअल-टाइम कर्नलचं तयार पॅकेज मिळतं, हे सांगायला हवं. उबुंटूवर ते त्या वेळी सशुल्क सेवेच्या छत्राखाली होतं, वैयक्तिक वापराला फुकट, पण खातं काढायचं वगैरे. मला त्या वाटेनं जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एव्हाना मलाच ते करून बघायचं होतं.

6.12 शाखेतली त्या वेळची ताजी आवृत्ती कर्नल डॉट ऑर्गवरून उतरवली. दाबलेली फाइल दीडशे एमबीच्या आत, उघडल्यावर दीड जीबीच्या वर. सोबत सहीची छोटी फाइल येते, ती तपासायची. सही दाबलेल्या फाइलवर नसते, उघडलेल्या टारवर असते, त्यामुळे आधी एक्सझेड या फाइल दाबण्या-उघडण्याच्या प्रोग्रामनं ती उघडून तिथूनच सही तपासणाऱ्या जीपीजीकडे पाठवायची. हा सोपस्कार मी आधी कधी केला नव्हता. पण मार्च 2024 मध्ये याच एक्सझेडच्या साठ्यात कुणीतरी मागचं दार बसवलेलं सापडलं होतं, तेव्हापासून अशा गोष्टी टाळाव्याशा वाटत नाहीत. ते कसं सापडलं ठाऊक आहे? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एसएसएचनं (दूरच्या मशीनवर) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यानं ते सोडून दिलं नाही. माझ्या एम्बेडेडवाल्याला हा किस्सा फार आवडतो.

कंपायलर वगैरे मिंटवर बिल्ड-इसेन्शियलमध्ये येतातच. त्याखेरीज फ्लेक्स, बायसन, बीसी, एनकर्सेस, एसएसएल आणि ईएलएफच्या डेव्ह फाइली, आणि ड्वार्व्ह्ज. या शेवटच्यात पाहोल नावाचा प्रोग्राम असतो, तो डीबग माहितीच्या एका पर्यायाला लागतो.

आता कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी. कर्नल कंपाइल करणं अवघड अशी जी ख्याती आहे ती सगळी इथली. कर्नलमध्ये निवडण्यासारखे हजारो पर्याय आहेत, आणि बऱ्याच पर्यायांचं उत्तर तीनपैकी एक: आत घ्या, मॉड्यूल म्हणून (लागेल तेव्हा जोडायचा सुटा भाग) बाजूला ठेवा, किंवा घेऊ नका. कर्नलच्या सोर्सच्या चार कोटींच्या घरात गेलेल्या ओळींतल्या निम्म्याहून जास्त नुसत्या ड्रायव्हरच्या, म्हणजे एकेका उपकरणाला चालवणाऱ्या भागांच्या, आणि त्यातले बहुतेक ड्रायव्हर ज्या यंत्रांचे आहेत ती यंत्रं माझ्या घरात कधी येणार नाहीत. शून्यापासून सुरुवात करणारे शूर लोक असतात. मी चालू कर्नलचं कॉन्फिग बूट फोल्डरमधून उचललं, सोर्सच्या फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फिग' नावानं ठेवलं आणि तिथून पुढे निघाले.

मिंटचं कॉन्फिग जगातल्या सगळ्या मशीनवर चालावं म्हणून केलेलं असतं. तसंच्या तसं कंपाइल केलं तर माझ्या आठव्या पिढीच्या आय-फाइव्हवर दीड-दोन तास सहज गेले असते. त्यावर उतारा 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. या घडीला मशीनमध्ये जी मॉड्यूल चालू आहेत तेवढीच ठेवतो, बाकीची काढून टाकतो. गोम 'या घडीला' मध्ये आहे. जे उपकरण आत्ता जोडलेलं नाही, ते त्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही. एम्बेडेडवाल्यानं हे आधीच बजावलं होतं.

त्यामुळे एका रविवारी सकाळी मी घरभर फिरून वस्तू गोळा केल्या. ऑडिओ इंटरफेस, मिडी कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, प्रिंटर. मोबाइल यूएसबीला लावून त्याचं इंटरनेट चालू केलं, म्हणजे टेदरिंगचं मॉड्यूल जागं होईल. ब्लूटूथ हेडफोन जोडले. वेबकॅम उघडून स्वतःचं तोंड बघून घेतलं. एसडी कार्ड घातलं. यूएसबीची तोंडं कमी पडली म्हणून आदल्या दिवशी तपकीर गल्लीतून एक हब आणलं होतं. आईनं विचारलं, "दुकान मांडलंयस का?" सगळं जोडून झाल्यावर चालू मॉड्यूलांची यादी काढली, ती फाइलमध्ये ठेवली आणि मगच लोकलमॉडकॉन्फिग चालवलं. 6.8 च्या कॉन्फिगमध्ये नसलेले नवे पर्याय तो एकेक करून विचारतो. कळला नाही तिथे एंटर, म्हणजे त्याचं नेहमीचं उत्तर मान्य.

मग 'मेक मेन्यूकॉन्फिग'. टर्मिनलमध्ये निळा पडदा, त्यावर राखाडी पाटी, बाणांनी हलायचं. इथे तिरपी रेघ दाबली की शोध सुरू होतो, आणि हे एक बटण माहीत असलं की अर्धी भीती जाते. 'प्रीएम्प्ट आरटी' शोधलं की तो पर्याय कुठे आहे, आत्ता काय आहे आणि कशावर अवलंबून आहे हे सगळं दाखवतो. 'एक्सपर्ट' हा पर्याय चालू असला तरच रिअल-टाइमचा पर्याय यादीत उमटतो. अनेकांना तो सापडत नाही तो यामुळेच. तो निवडला. टायमर 250 वरून 1000 हर्ट्झ केला. हाय-रेझोल्यूशन टायमर असताना याचा ऑडिओला फारसा फायदा नाही असं जाणकार म्हणतात आणि ते पटतंही, तरी केला. डीबग इन्फो बंद केला. हा एक पर्याय बंद केल्यानं बांधणीचा फोल्डर वीस-पंचवीस जीबीवरून अगदी आटोक्यात येतो. 256 जीबीची डिस्क तबल्याच्या रेकॉर्डिंगनी भरलेली असताना तर तो आधी बंद करावा. 'लोकल व्हर्शन'मध्ये रोमन अक्षरांत 'लेहरा' लिहिलं, म्हणजे यादीत माझं कर्नल ओळखू येईल.

या सगळ्यात एक संध्याकाळ गेली, कारण मी प्रत्येक पर्यायाची मदत वाचत बसले. काही मदती उत्तम आहेत. काही म्हणतात, 'खात्री नसेल तर नको म्हणा', आणि थांबतात. पुण्यातल्या दुकानांच्या पाट्या लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी तिथेही काम करत असावं.

बांधणी सुरू केली ती 'मेक बिनडेब-पीकेजी'नं, आठ थ्रेड देऊन. याचा फायदा असा की शेवटी डेब पॅकेज मिळतं. बसवायला सोपं, काढायलाही सोपं. मिनिटभरातच थांबली: 'कॅनॉनिकल-सर्ट्स डॉट पेम बनवायचा नियम नाही.' उबुंटूचं कॉन्फिग उचललेल्या प्रत्येकाला हे गाव लागतंच. त्या कॉन्फिगमध्ये वितरकाच्या प्रमाणपत्रांच्या फाइलीचं नाव लिहिलेलं असतं आणि ती फाइल मूळ कर्नलच्या सोर्समध्ये नसते. सोर्सबरोबर 'स्क्रिप्ट्स' फोल्डरात कॉन्फिग बदलायची छोटी स्क्रिप्ट येते, तिनं 'सिस्टिम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टिम रिव्होकेशन कीज' ही दोन्ही नावं काढून टाकली आणि गाडी पुढे निघाली.

तो गुरुवार होता आणि मी घरून काम करत होते. पुण्यात गुरुवार म्हणजे वीजदुरुस्तीचा वार, सकाळी वीज गेलीच. लॅपटॉपची बॅटरी जुनी, एरवी तास काढते, पण आठही थ्रेड जळत असताना तिचे टक्के डोळ्यांदेखत उतरत होते. कंट्रोल-सी दाबून बांधणी थांबवली. यात नुकसान काही नाही. मेक प्रत्येक फाइलची वेळ बघतं. जी तयार आहे आणि जिचा सोर्स त्यानंतर बदललेला नाही, तिला पुन्हा हात लावत नाही. अर्धवट राहिलेली फाइल थांबताना स्वतः पुसून टाकतं. खरा धोका बॅटरी संपून मशीन धाडकन बंद पडण्याचा. तेव्हा अर्धवट फाइल पुसायला कुणी नसतं, ती शून्य बाइटांची होऊन डिस्कवर पडून राहते आणि मेकला ती तयारच वाटते; मग जोडणीच्या वेळी 'फाइल ट्रंकेटेड' म्हणून रडगाणं सुरू होतं. दुपारी वीज आली, तीच आज्ञा पुन्हा दिली, जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू. एप्रिलचे दिवस, लॅपटॉपचा पंखा इतका ओरडत होता की ऑफिसच्या कॉलवर कुणीतरी विचारलं, मागे मिक्सर चालू आहे का. लॅपटॉपखाली चार बाटल्यांची झाकणं ठेवून हवा खेळती केली. लहान कॉन्फिगमुळे एकूण काम अर्ध्या तासाचंच होतं, वीज धरली नाही तर.

हाती तीन पॅकेजं आली: इमेज, हेडर्स आणि लिबसी-डेव्ह. तिसरं बसवायचं नाही, त्याचा वापर वेगळा. हेडर्स मात्र हवीत, कर्नलबाहेरचे ड्रायव्हर डीकेएमएस नावाचा प्रोग्राम त्यांच्यावरच बांधतो.

माझ्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू आहे, म्हणजे ओळखीची सही असलेलंच कर्नल तो सुरू करतो. घरच्या बांधणीचं कर्नल त्याला ओळखीचं नसतं, तो 'बॅड शिम सिग्नेचर' म्हणून दारातूनच परत पाठवतो. बरेच जण सरळ बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतात. मी स्वतःची किल्ली बनवून सही करायची ठरवली. इथे एक बारकावा आहे. उबुंटू घराण्यात डीकेएमएससाठी एक किल्ली आधीच बनवलेली असते, पण तिच्यावर 'फक्त मॉड्यूलांसाठी' असा शिक्का असतो आणि तिनं कर्नलवर केलेली सही शिम, म्हणजे बूटच्या वेळी सह्या तपासणारा छोटा प्रोग्राम, मानत नाही. वेगळी किल्ली लागते. ती ओपनएसएसएलनं बनवली, मोकयुटिलनं नोंदवायला दिली, रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर तिची नोंद पक्की केली. तो पडदा काही सेकंदच थांबतो, चहा आणायला जायचं नाही. मग एसबीसाइननं कर्नलवर सही केली.

पहिल्या बूटच्या आधी ग्रबची यादी दहा सेकंद दिसेल अशी सोय केली. जुनं कर्नल जागच्या जागी असतं, नवं चाललं नाही तर यादीत खाली जाऊन ते निवडायचं आणि पुन्हा माणसात यायचं. ही एक गोष्ट नीट समजली असती तर मी हा उद्योग पाच वर्षं आधीच केला असता. नवं कर्नल बसवणं म्हणजे जुनं काढणं नव्हे.

निवडलं. काळा पडदा, दोन ओळी, आणि नेहमीचा मिंटचा लॉगिन. चालू कर्नलचं नाव सांगणाऱ्या 'यूनेम' आज्ञेला विचारलं तर नावात 'लेहरा', पुढे 'एसएमपी प्रीएम्प्ट-आरटी'. ज्या मशीनवर आणि ज्या यूजरनं कर्नल बांधलं त्यांची नावंही कर्नल स्वतःत लिहून ठेवतो, ती 'प्रॉक'मधल्या 'व्हर्शन' फाइलीत दिसतात. तिथे माझं नाव होतं. ते आईला दाखवलं. ती म्हणाली, "बरं."

मोजलं. तोच भार, तेवढाच वेळ. सरासरी आधीपेक्षा किंचित वाढली होती, आणि ते अपेक्षितच आहे. रिअल-टाइम कर्नल वेगवान नसतं. त्यात बहुतेक स्पिनलॉक (उघडेपर्यंत प्रोसेसरला जागच्या जागी ताटकळत ठेवणारी कुलपं) झोपू शकणाऱ्या कुलपांत बदलतात, इंटरप्टची कामं थ्रेड होऊन रांगेत येतात, आणि कमी महत्त्वाच्या कामानं एखादं कुलूप धरून ठेवलं असेल तर ते सुटेपर्यंत त्याला तात्पुरती वरच्याची पत मिळते. या व्यवस्थेला थोडा खर्च येतो. मोठी फाइल दाबणं, व्हिडिओ बनवणं अशी कामं यावर थोडी हळूच होतील. पण कमाल आकडा शंभर मायक्रोसेकंदांच्या आत आला होता. दोन-तीन मिलिसेकंदांवरून.

तरीही पहिल्या रियाजात एक 'टक्' आलं. आता काय? आता इंटरप्ट थ्रेड झाले होते, म्हणजे प्रोसेसच्या यादीत ते नावानिशी दिसतात आणि त्यांचं प्राधान्य बदलता येतं. सगळे 50 वर होते: यूएसबीचा, वायफायचा, डिस्कचा, टचपॅडचा. माझा ऑडिओ इंटरफेस यूएसबीवर, त्याला टचपॅडच्या बरोबरीनं का उभं करायचं? यूएसबीच्या थ्रेडला वर उचललं, ऑडिओ सर्व्हरला त्याच्या जरा खाली ठेवलं. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद. पाइपवायरचा, म्हणजे त्या ऑडिओ सर्व्हरचा, तुकडा 128 वर बांधून टाकला आणि त्याच्या पाहणीच्या पडद्यावर चुकांचा रकाना उघडा ठेवून भाचीला म्हटलं, "वाजव." तिनं पेशकारापासून सुरुवात केली, कायदा, रेला, तुकडे, शेवटी चक्रदार. मी लेहरा धरून एक डोळा त्या रकान्यावर. शून्य. मग 64 वर नेलं, 1.3 मिलिसेकंद. तिथे पुन्हा एखादं 'टक्' येतं. पण 128 आणि 64 यांतला फरक माझ्या बोटांना कळतही नाही, म्हणून तो नाद सोडला.

थोड्याच दिवसांनी भाचीच्या क्लासमधून कुणाचा तरी पेनड्राइव्ह आला, आणि मिंट म्हणालं की ही फाइल सिस्टिम ओळखीची नाही. तो एक्सफॅट या फाइल सिस्टिमचा होता. मी त्या रविवारी घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह लावला होता, पण घरात एक्सफॅटचा एकही नव्हता. लोकलमॉडकॉन्फिगचा स्वभावच हा. मेन्यूकॉन्फिगमध्ये एक्सफॅट मॉड्यूल म्हणून निवडलं, त्याच हाताला एनटीएफएस आणि दोन-तीन यूएसबी-सिरियलचे ड्रायव्हरही घेतले, पुन्हा मेक. या वेळी बदललेलंच बांधलं गेलं, काम काही मिनिटांत झालं. पॅकेज बसवलं, सही केली, यूनेममध्ये बांधणीच्या एक नंबरच्या जागी दोन नंबर दिसायला लागला.

आता उरते ती देखभाल. वितरकाचं कर्नल आपोआप अद्ययावत होतं, माझं होत नाही. 6.12 ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा असल्यानं तिच्या दुरुस्त्या सतत येत राहतात आणि त्यांत सुरक्षेच्याही असतात. कॉन्फिग तयार आहे, नव्या सोर्समध्ये ते ठेवून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग', मग बांधणी, मग सही, असं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घातलंय. तरी ती चालवायची आठवण मलाच ठेवावी लागते. म्हणून रोजच्या कामाला, बँकेच्या व्यवहाराला वगैरे मी मिंटच्याच कर्नलवर बूट करते, आणि लेहरा फक्त लेहऱ्याला.

क्लासमधल्या एका मुलानं हे सगळं ऐकलं. त्याला त्याच्या डेस्कटॉपवर असंच कर्नल हवं होतं. तो घरी गिटार वाजवतो, तबल्याबरोबर तेही. त्याच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा बंदिस्त ड्रायव्हर आहे, आणि असे ड्रायव्हर रिअल-टाइम कर्नलवर बांधायचे म्हणजे वेगळंच प्रकरण. मी म्हटलं, आधी सायक्लिकटेस्ट चालव, मग ग्रबमध्ये ते दोन शब्द घालून पुन्हा चालव, आणि दोन्ही आकडे मला पाठव. त्यानं पाठवले. दोन शब्दांनीच त्याचं काम भागत होतं, 128 वर एकही एक्सरन नाही. तसं त्याला कळवलं तर जरा हिरमुसलाच. त्याला कर्नलला स्वतःचं नाव द्यायचं होतं.